बेती ते पर्वरी : एका हमरस्त्याची कथा

पणजीच्या धक्क्यावर उभे राहून उत्तरेस दृष्टी टाकली असता मांडवीच्या पैलतीरी बेतीचा चढ दिसतो आणि त्या चढाच्या माथ्यावर गोवा विधानसभेची भव्य वास्तू नजरेत भरते. १९६१ पूर्वी त्या माथ्यावर मुद्दाम पाहावे असे काही नव्हते. गोमंतकातील इतर सड्यांप्रमाणेच तोही एक जांभ्या दगडाचा उघडा सडा होता. पावसाळ्यात त्यावर गवत माजे आणि उन्हाळ्यात तो तापून तांबडा होई. लोकवस्ती होती ती खाली, उताराच्या कुशीत, जिथे विहिरीला पाणी लागते आणि माड तग धरतात अशा जागी. पूर्वेस सुकूर, साल्वादोर दु मुंद आणि ब्रिटोना, पश्चिमेस रेइश मागुश, पिळर्ण आणि सांगोल्डा ही गावे सड्याला वेढून बसलेली होती. माथ्यावरून जात होता तो बेतीच्या धक्क्याहून म्हापशाकडे निघालेला रस्ता.

आज त्याच सड्यावर पर्वरी नावाचे शहर उभे आहे आणि त्याच्या छातीवरून राष्ट्रीय महामार्ग धावत आहे. महामार्गाने वस्ती दुभंगली, असे पर्वरीविषयी सर्रास म्हटले जाते. मुंबईत दाटीच्या मोहल्ल्यांतून रस्ते काढले गेले तेव्हा असे घडले हे खरे. पर्वरीच्या बाबतीत मात्र घटनांचा क्रम तपासून पाहणे अगत्याचे आहे. येथे रस्ता आधी होता. वस्ती मागाहून, त्या रस्त्याचाच आधार धरून आली, आणि तिला तेथे आणण्यात खुद्द शासनाचा वाटा मोठा होता. हा क्रम ध्यानी घेतल्याशिवाय या हमरस्त्याचे पुढील दुखणे उमगणार नाही.

गोमंतकात असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. पणजी शहराचा जन्मच मुळी अशा एका रस्त्यातून झाला आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीजांची राजधानी जुने गोवे येथे, नदीच्या मुखापासून कित्येक मैल आत होती. पणजी ही त्या काळी आदिलशाही राजवाडा, थोडी कोळ्यांची घरे आणि भोवती भरती-ओहोटीचे दलदलीचे क्षेत्र एवढीच होती. लिस्बनहून येणारे नवे व्हाइसरॉय मुखापाशी उतरत, रेइश मागुश अथवा पणजी येथे विसावा घेत आणि मग समारंभाने राजधानीत प्रवेश करीत. पणजी आणि राजधानी यांच्या दरम्यान रायबंदरपर्यंत खाजनांचा आणि मिठागरांचा पट्टा पसरलेला होता. तेथून पायी जाणे भरतीच्या वेळी अशक्य आणि ओहोटीच्या वेळी कष्टप्रद असे.

या पट्ट्यावर लिन्यारीशचा काउंट मिगेल द नोरोन्या याने आपल्या व्हाइसरॉयपदाच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास, दगडी सेतुमार्ग बांधला. कोमुनिदादींच्या खाजनशेतीत पाण्याची ये-जा मानशीच्या दारांनी राखावी लागते. त्याच न्यायाने या सेतुमार्गाला ठिकठिकाणी कमानी ठेवण्यात आल्या आणि भरतीचे पाणी रस्त्याखालून खाजनात येत-जात राहिले. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा हा मार्ग अद्याप वापरात आहे. जवळजवळ चार शतके बैलगाड्या, मेणे, घोडागाड्या, मोटारी आणि बसगाड्या त्याच्यावरून गेल्या. पाण्याला वाट दिली म्हणून पाण्याने त्याला टिकू दिले, असे या बांधकामाविषयी म्हणता येईल.

सेतुमार्ग झाला तेव्हा पणजी हे नगर नव्हते. ते नंतर झाले. जुने गोवे रोगराईने ओस पडू लागले, तशी श्रीमंत घराणी आणि अधिकारी पश्चिमेकडे, नदीच्या मुखाच्या बाजूस सरकू लागले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीच्या जुन्या राजवाड्यात हलविले. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने दलदल भरून काढून सरळ रेषेतील रस्ते आखले, आणि १८४३ साली राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हणून राजधानीचा दर्जा मिळाला. सेतुमार्गानंतर दोनशे वर्षांनी राजधानी त्याच्या दुसऱ्या टोकाशी येऊन स्थिरावली.

या स्थलांतरात रायबंदरचे जे झाले ते पर्वरीच्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. डोंगर आणि नदी यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लांबच लांब वाढले. घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरू लागल्या. बैलगाडीच्या काळात तो रस्ता म्हणजे गावाचे अंगणच होते. मोटारींच्या काळात तेच अंगण धोक्याचे झाले. पुढे पणजी-बेळगाव राष्ट्रीय महामार्गाची वर्दळ असह्य झाली तेव्हा ती मेरशीहून कदंब पठारावरून जुन्या गोव्याकडे वळविण्यात आली. रायबंदरला उसंत मिळाली. पण ज्या मोकळ्या पठारावरून तो वळणरस्ता काढला, त्या पठारावरही आता बहुमजली सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. एका वस्तीला वाचविण्यासाठी काढलेल्या रस्त्याने दुसरी वस्ती जन्मास घातली.

देवस्थानांच्या महाजनांना हा पूर्वेकडील मार्ग सुपरिचित आहे. मुंबईहून आगबोटीने पणजीस उतरलेले यात्रेकरू रायबंदर आणि जुने गोवे मागे टाकून बाणस्तारीचे पाणी ओलांडीत आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या स्थानांकडे जात. उत्तरेकडून, म्हणजे सावंतवाडी अथवा म्हापसा मार्गे खुष्कीने येणाऱ्यांना मात्र प्रथम बेतीच्या धक्क्यावर थांबावे लागे. मांडवीवर पूल नव्हता. होड्या आणि पुढे मोटारलाँची चालत. त्या लाँचींना लोक पोर्तुगीज शब्दावरून ‘गासोलीन’ म्हणत. पणजीची कोणतीही सफर बार्देशकरांच्या दृष्टीने नदीपार होण्याच्या या वेळेने मोजली जाई. शेवटची लाँच चुकली तर रात्र पलीकडेच काढावी लागे, आणि सोयरे पणजीत असणे हे म्हणून मोठे भाग्याचे समजले जाई.

१९६१ च्या डिसेंबरात या तुटलेल्या मार्गाला लष्करी महत्त्व प्राप्त झाले. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची पश्चिमेकडील तुकडी दोडामार्गाहून निघून थिवीमार्गे दक्षिणेकडे सरकली आणि १८ डिसेंबरच्या सायंकाळी बेतीस पोहोचली. समोर पणजीचे दिवे दिसत होते, पण मध्ये नदी होती. दुसरीकडे, मध्यवर्ती तुकडीला बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी उडवून दिलेला आढळला. १९ डिसेंबरच्या सकाळी दुसऱ्या शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान बेतीहून मांडवी ओलांडून पणजीत उतरले. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा शेवट झाला तोही अशा रीतीने, एका रस्त्याच्या अखेरीस, धक्क्यावर, नावा मिळण्याची वाट पाहात.

मुक्तीनंतर हा रस्ता पनवेल ते केरळपर्यंत समुद्रकिनाऱ्याच्या समांतर जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला. त्याला १७ हा क्रमांक मिळाला. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ६६ झाला, तथापि जुन्या पिढीच्या तोंडी अद्याप ‘सतरा नंबर’ हाच शब्द आहे. पत्रादेवी येथे गोव्यात शिरून पेडणे, कोलवाळ, म्हापसा आणि गिरीच्या सखल भातशेतीतून तो पर्वरीच्या सड्यावर चढत असे आणि बेतीस येऊन खंडित होत असे. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्ये फेरीबोट असावी, ही स्थिती फार काळ चालण्यासारखी नव्हती. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७० च्या दशकाच्या आरंभी, मांडवीवर नेहरू पूल उभा राहिला. खनिजाने भरलेल्या बार्जी खालून जाव्यात म्हणून तो उंच बांधावा लागला. त्याचे दक्षिणेकडील टोक पाटो येथे उतरविण्यात आले.

पाटो ही निवड पणजीच्या जुन्या वाड्यांच्या दृष्टीने सुदैवाची ठरली. मळा आणि फोंताईन्हास हे वाडे ओरे खाडीच्या पश्चिमेस, तर महामार्ग तिच्या पूर्वेस, पूर्वीच्या खाजन व भरावाच्या जमिनीवरून गेला. मध्ये पाण्याची एक अरुंद पट्टी राहिली. त्या पट्टीमुळे फोंताईन्हासच्या अरुंद गल्ल्या, सज्जे आणि रंगीत भिंती वाचल्या. आज परदेशी पाहुणे तेथे छायाचित्रे काढीत हिंडतात ते त्या खाडीच्या कृपेने, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पर्वरीला अशी खाडी लाभली नाही.

पूल होताच बेतीचा सडा पणजीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आला. पणजीत जागा उरलेली नव्हती. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्ये आल्तीन्यूची टेकडी. नव्या संघप्रदेशाला कचेऱ्या हव्या होत्या आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांना घरे हवी होती. सड्यावरील जमीन मोठ्या प्रमाणावर कोमुनिदादींच्या मालकीची होती. तीत सेरुला कोमुनिदाद ही बार्देशातील विस्ताराने मोठी संस्था. १५२६ च्या ‘फोराल’मध्ये पोर्तुगीजांनी ज्या गावकऱ्यांच्या रूढ हक्कांची नोंद केली, त्यांच्या दृष्टीने माथ्यावरची जमीन गुरे चारण्याची आणि लाकूडफाटा आणण्याची, म्हणजे दुय्यम प्रतीची होती. खाजनातील भाताचे शेत हे धन. सडा हा नुसता मोकळा माळ. त्या माळाचे भूखंड पडू लागले तेव्हा त्याचे पुढे काय होईल याची फारशी चिंता कोणी वाहिली नाही.

गृहनिर्माण मंडळाची वसाहत झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे कार्यालय आल्त बेतीस आले आणि दहावीच्या निकालाच्या निमित्ताने हे नाव गोव्यातील घराघरांत पोहोचले. आल्त पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आले, शाळा आल्या, शिक्षक प्रशिक्षणाची संस्था आली. ‘आल्त’ हा पोर्तुगीज शब्द उंचावरचा भाग दाखवितो. पूर्वी तो केवळ दिशा सांगण्यासाठी वापरला जाई. आता तो प्रतिष्ठित पत्त्याचा भाग बनला. या सर्व संस्थांची दारे महामार्गाकडे तोंड करून उघडत. जोडरस्त्यांचे जाळे आधी आखून मग वस्ती वसवावी, हा नगररचनेचा प्राथमिक नियम आहे. येथे महामार्ग हाच गावाचा एकमेव मोठा रस्ता मानण्यात आला. भाजी आणण्याची वाट, शाळेची वाट आणि मंगळूरकडे जाणाऱ्या मालमोटारींची वाट एकच झाली.

१९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांचा विश्रामप्रसंग आग्वादला भरला. त्यासाठी पर्वरीहून सांगोल्डा, साळगावमार्गे कळंगुटच्या बाजूस रस्ता सुधारण्यात आला. परिषदेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘चोगम रोड’ म्हणून रूढ झाला. पाहुणे दोन दिवस राहून गेले. रस्ता राहिला, आणि किनाऱ्यावरच्या पर्यटनाची सारी रहदारी पर्वरीच्या चौकात आणून सोडण्याचे काम तो तेव्हापासून करीत आहे. याच परिसरातील ‘ओ कोकेरू’ या उपाहारगृहात १९८६ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स शोभराज पकडला गेला. हमरस्त्यावरचे ठिकाण, येणारा-जाणारा अनोळखी, कोणी कोणाला विचारणार नाही, असा त्याचाही हिशेब असावा.

त्याच वर्षी, ५ जुलै १९८६ रोजी, नेहरू पूल कोसळला. बांधून जेमतेम दीड दशक झाले होते. पूर्वताणित काँक्रीटच्या पोटातील पोलादी तारा खाऱ्या दमट हवेत गंजत गेल्या होत्या आणि बाहेरून त्याचा सुगावा लागणे दुष्कर होते, असे पुढे निष्पन्न झाले. नदीच्या त्याच पात्रालगत लिन्यारीशचा दगडी सेतुमार्ग साडेतीनशे वर्षे उभा असताना नव्या युगाचे बांधकाम इतक्या लवकर ढासळावे, हा विरोधाभास त्या वेळी अनेकांच्या मनाला लागला. अर्थात तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. उथळ खाजनावरचा बांध आणि खोल, नौकावाहतुकीच्या पात्रावरचा उंच पूल यांची कामे निराळी. तरीही सागरी हवेत लोखंड किती विश्वासार्ह, हा धडा भारतीय पूलबांधणीशास्त्राने मांडवीकाठी फार मोठी किंमत देऊन घेतला.

पूल पडल्यावर पर्वरीकरांना एकाएकी कळून चुकले की आपण पणजीचे उपनगर आहोत ते केवळ त्या पुलापुरते. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतील कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी पुन्हा बेतीच्या धक्क्यावर रांगा लावू लागले. ऐन पावसाळा, नदीला पूर, फेरीबोटींवर झुंबड. वडीलधारी माणसे सांगत असलेल्या जुन्या काळच्या गोष्टी तरुण पिढीच्या वाट्याला प्रत्यक्ष आल्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्या काळात पणजीपासून दूर गेल्यासारखा झाला. पुढे १९९० च्या दशकात एकाशेजारी एक असे दोन नवे पूल झाले, आणि ती आठवण मागे पडली.

वस्तुतः १९८६ ते नवा पूल होईपर्यंतचा काळ हा विचार करण्याची संधी होती. सड्यावरील वस्ती तोवर आटोपशीर होती. महामार्गास निराळी वाट देणे, अथवा वस्तीसाठी समांतर रस्ते राखून ठेवणे तेव्हा आजच्या मानाने सुलभ गेले असते. परंतु पूल पुन्हा उभारणे हीच त्या वेळची निकड होती, आणि निकडीपुढे आखणीला कोणी विचारत नाही.

त्यानंतरचा निर्णय सर्वांत निर्णायक ठरला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले होते. आदिलशाही राजवाड्यात भरणाऱ्या विधानसभेस जागा अपुरी पडत होती. नवे विधानभवन पर्वरीच्या माथ्यावर, मांडवीकडे पाहणाऱ्या कड्यालगत बांधण्यात आले आणि २००० साली विधानसभा तेथे गेली. पाठोपाठ सचिवालय गेले. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी वास्तूही पर्वरीस उघडली. जुन्या गोव्याहून पणजीस राजधानी येण्यास सेतुमार्गानंतर दोन शतके लागली होती. पणजीहून राज्यकारभार पर्वरीच्या माथ्यावर चढण्यास पहिल्या पुलानंतर तीस वर्षे पुरली.

गमतीची गोष्ट अशी की राज्याचे विधिमंडळ आले त्या पर्वरीला स्वतःची नगरपालिका नव्हती. शहराचा कारभार पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर दु मुंद, रेइश मागुश, पिळर्ण अशा ग्रामपंचायतींमध्ये वाटला गेलेला होता. रस्ता राष्ट्राचा, भूखंड कोमुनिदादींचे, परवाने पंचायतींचे आणि आराखडा राजधानीतील खात्याचा. सारे शहर एकत्र पाहणारा डोळाच नव्हता. अशा व्यवस्थेत प्रत्येकाने आपापल्यापुरते योग्य तेच केले असेल, तरी त्या साऱ्यांची बेरीज महामार्गावर येऊन आदळली.

रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. दुभाजकाने अपघात कमी व्हावेत ही अपेक्षा. पण पायी चालणाऱ्यास समोरचे दुकान अर्धा मैल दूर गेले. सुकूरकडील वृद्धास पश्चिमेच्या बाजूची बस धरणे ही एक कसरत झाली. दोन्ही बाजूंच्या गावांत पूर्वी सड्यावरून पायवाटा जात. त्या पायवाटांनी सोयरिकी जुळत, जत्रेला व फेस्ताला जाणे-येणे होई. त्यांपैकी बहुतेक वाटा आता महामार्गाच्या कठड्यापाशी येऊन थांबतात. मंगळूर-मुंबई मालवाहतूक, कळंगुटचे पर्यटक, सचिवालयातील कर्मचारी आणि २७ जानेवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने भराभर आणून सोडलेली वाहने ही सारी येथे एकवटली. ५.१ किलोमीटर लांबीच्या त्या केबलच्या पुलाने पणजीतील कोंडी फोडली हे निर्विवाद. मनोहर पर्रीकर यांच्या हयातीतील तो अखेरचा मोठा जाहीर सोहळा. आजारपणातही ते उपस्थित राहिले, आणि पुढे दोन महिन्यांच्या आतच, १७ मार्च रोजी, त्यांचे निधन झाले. परंतु पुलाने कोंडी नाहीशी केली नाही, ती नदीपलीकडे पोहोचविली. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि उत्तरेकडून आणखी एक प्रवाह या रस्त्यास येऊन मिळाला.

शेवटी महामार्ग उचलून वस्तीच्या डोक्यावरून नेण्याचे ठरले. सांगोल्ड्याच्या बाजूपासून मालीमच्या बाजूपर्यंत ५ किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या सहापदरी उन्नत मार्गाचे काम २०२४ साली हाती घेण्यात आले. खांबांसाठी खोदकाम सुरू झाले, रहदारी कडेच्या अरुंद पट्ट्यांवर आली आणि तांबड्या मातीचा धुरळा घरांत, शाळांत, दुकानांत बसू लागला. ती तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयही त्याच सड्यावर आहे.

याच कामाच्या वाटेत खाप्रेश्वराचा वड आला. महामार्गालगतचा हा जुना प्रचंड वटवृक्ष आणि त्याच्या तळाशी असलेले देवस्थान हे सड्यावरील मूळ खुणांपैकी एक होते. गोमंतकाच्या प्रत्येक सीमेवर, खिंडीत आणि माळावर असा एखादा राखणदार असतो. त्याला भव्य मंदिर नसते, महाजनांची मोठी संस्था नसते, ऐश्वर्य नसते. वाटसरू क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. बांबोळीच्या पठारावर याच महामार्गाच्या कडेला असलेल्या ‘फुलांचो खुरीस’पाशीही हेच दृश्य दिसते, वाहन थांबवून फुले वाहणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. निर्जन सड्यावर रस्ता आणि राखणदार ही दोनच पुरातन ठाणी. बाकी सारे अलीकडचे. मोटारचालकांचीही खाप्रेश्वरावर श्रद्धा होती, हे विशेष. ज्या रस्त्याने अखेर त्याची जागा मागितली, त्याच रस्त्याने त्याला भाविक दिले होते.

वृक्ष आहे तेथेच राहावा म्हणून ग्रामस्थ, भाविक आणि निसर्गप्रेमी एकत्र आले. आराखडा थोडा वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या विरोधातच, २०२५ च्या मार्चच्या आरंभी, पोलीस बंदोबस्तात वडाच्या फांद्या छाटून तो मुळासकट काढण्यात आला आणि दुसऱ्या जागी नेऊन लावण्यात आला. देवस्थानाचे स्थानही हलले. शासनाच्या बाजूनेही काही म्हणणे होते, ते दुर्लक्षून चालणार नाही. दोन्ही बाजूंस इमारती उभ्या असताना सहापदरी मार्ग वळविण्यास जागा कोठून आणावी? इमारती हलत नाहीत. देव आणि झाड हलविता येतात, असा त्या म्हणण्याचा अर्थ होता. तो अर्थ कोणी उघड बोलून दाखविला नाही, इतकेच.

गोमंतकातील देवस्थानांना स्थानांतर नवे नाही. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून फोंडे महालात आला. त्याच काळात वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. महाजनांच्या पूर्वजांनी त्या मूर्ती रात्रीच्या काळोखात नदीपार नेल्या आणि परराज्यात आश्रय घेतला. त्या स्थलांतराशी पर्वरीच्या घटनेची बरोबरी करणे इतिहासाला धरून होणार नाही. तेथे धर्मच्छळ होता, येथे रहदारी आहे. तेथे परकी सत्ता होती, येथे लोकांनी निवडून दिलेले सरकार आहे. परंतु एक फरक असाही आहे. सोळाव्या शतकात देव हलविणारे हात त्याच्या भक्तांचे होते, आणि मूळ जागी काय होते याची आठवण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. कुशस्थळी, वेरणे, केळशी ही नावे आजही महाजनांच्या तोंडी आहेत. खाप्रेश्वराला महाजनांची नोंदवही नाही. त्याचा वड नेमका कोठे होता, हे आजची लेकरे मोठी होईपर्यंत सांगू शकतील ते सुकूर आणि पर्वरीतील शेजारीपाजारीच.

उन्नत मार्गाने वरची रहदारी वेगाने जाईल आणि खालचा रस्ता पर्वरीकरांना परत मिळेल, अशी योजना आहे. खांबांच्या सावलीत मिळणारा तो रस्ता ओलांडणे सोपे जाईल की अवघड, हे खाली पदपथ, चौक आणि बसथांबे कसे आखले जातात यावर अवलंबून आहे. मूळ आखणीत जे राहून गेले ते निदान आता करता येईल. उत्तरेस गिरीच्या सखल शेतांत मात्र जुनीच गोष्ट नव्याने घडू लागल्याची चिन्हे आहेत. भातशेतीतून उंच भराव घालून महामार्ग जातो, आणि त्या भरावाच्या दोन्ही अंगांनी शेते बुजवून दुकाने आणि गुदामे पुढे सरकत आहेत.

मांडवीवर आता तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या पश्चिमेस, पणजी आणि बेती यांच्या दरम्यान, फेरीबोट अद्याप चालते. तिच्यात चढणारे बहुतेक बेती, वेरें आणि रेइश मागुशचे रहिवासी असतात: भाजीविक्रेत्या, शाळकरी मुले, दुचाकीवाले. पायी जाणाऱ्यास भाडे पडत नाही. पलीकडे जाण्यास काही मिनिटे पुरतात, आणि बेतीच्या धक्क्यावर उतरल्यावर जुना रस्ता समोरच चढ चढू लागतो.